पैसे पाण्यात! तुम्ही नाणं टाकून काही मागता का?

गंगेवरची | शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय फालतू वाटला तर सोडून द्या, पण आठ दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेच.

मागच्या रविवारी लेकीला घेऊन एका मॉलमध्ये गेले होते (कुठला ते विचारू नका, नाव घेणार नाही). तिथे मधोमध छोटंसं कारंजं आहे, खालून निळे लाइट, तळाला चारपाच नाणी पडलेली. लेक सात वर्षांची, तिने कुठल्यातरी कार्टूनमध्ये बघितलंय की डोळे मिटायचे, नाणं टाकायचं, मनात मागायचं आणि कुणाला सांगायचं नाही. माझ्याकडे नाणं मागितलं. मी पर्स उचकटतेय उचकटतेय, सुट्टे नाहीतच, सगळं हल्ली फोनवर. शेवटी अगदी तळाशी एक रुपया सापडला, सेफ्टी पिना आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या मध्ये. तिने डोळे मिटले, ओठ हलवले, टाकला. आणि तेवढ्यात मागून सिक्युरिटीवाले काका, ओ मॅडम पाण्यात काय टाकू देताय पोरीला, मोटर जाम होते, मग बोलणी आम्हाला बसतात.

चूक काकांची नव्हती. पण लेक रडवेली होऊन विचारते, "आई, ते ओरडले म्हणजे माझी इच्छा कॅन्सल झाली का?" मला उत्तरच देता येईना.

माझं माहेर पंचवटीतलं. लहानपणापासून आईबरोबर गंगेवर जायचं (बाहेरच्यांसाठी, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो), पायऱ्या उतरायच्या, पाण्याला हात लावून कपाळाला लावायचा आणि आई पदराच्या गाठीतलं नाणं सोडायची. सोडायची म्हणतेय, टाकायची नाही, वाकून अगदी पाण्याला टेकवून सोडायची. का असं विचारलं की म्हणायची, रिकाम्या हाताने जाऊ नये कुणाकडे. काही मागायची का ते मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ती नाहीये.

तर प्रश्न असा की तुम्ही टाकता का? कारंज्यात, नदीत, विहिरीत, कुठेही. टाकताना काही मागता का? आणि हे कारंज्याचं फॅड आलं कुठून?

——

मिसळ_जास्त_तर्री | शनिवार, रात्री १०.३१

नाशिककराने कारंज्यात नाणं टाकायचं म्हणजे रविवार कारंजा नाहीतर पंचवटी कारंजा (बाहेरच्यांसाठी, हे दोन्ही गर्दीचे चौक). दोन्हीकडे नाणं टाकलं तर ते रिक्षात पडणार आणि रिक्षावाला म्हणणार भाऊ शेअरिंगचे वीस होतात, एकोणीस अजून द्या.

इच्छा मात्र लगेच पूर्ण होते, कारण तिथे उभं राहून माणूस एकच मागतो, देवा हा सिग्नल सुटू दे.

——

सिडकोची_मावशी | शनिवार, रात्री १०.५०

छान धागा गं. आमच्याकडे पण टाकतात. त्यामागे शास्त्र आहे, पूर्वी तांब्याची नाणी असायची, तांब्याने पाणी शुद्ध होतं म्हणून पूर्वजांनी ही पद्धत घातली. आपल्या लोकांना देवाचं नाव सांगितल्याशिवाय काही पटत नाही म्हणून देवाचं नाव. मला बहिणीने फॉरवर्ड केलं होतं.

——

चिकित्सक | शनिवार, रात्री ११.२०

मावशी, राग मानू नका, पण हे फॉरवर्ड मला वर्षातून चार वेळा येतं.

तांब्यामुळे जंतू मरतात हे खरं आहे. पण त्यासाठी पाणी तांब्याच्या भांड्यात काही तास स्थिर राहावं लागतं, तेव्हा कुठे तांब्याचे सूक्ष्म कण पाण्यात उतरतात. वाहत्या नदीत एक पैसा टाकून काय होणार, तुम्ही वाक्य पुरं करेपर्यंत ते पाणी होळकर पुलाखालून पुढे गेलेलं असतं. आणि पूर्वजांना खरंच पाणी शुद्ध करायचं असतं तर त्यांनी घरच्या हंड्यात नाणं टाकलं असतं. तसं कुणी करत नव्हतं, हंडाच तांब्याचा असायचा. म्हणजे तांब्याचं त्यांना माहीत होतं, नाण्याचं कारण काहीतरी वेगळं असणार.

शिवाय आजचा रुपया स्टीलचा. त्याने पाणी शुद्ध होत असेल तर माझ्या घरचा डबा पण तीर्थ आहे.

——

सिडकोची_मावशी | शनिवार, रात्री ११.२८

राग कशाला. बहिणीला पाठवते तुमचं उत्तर, तिला राग येईल.

——

नाणेवेडा | रविवार, सकाळी ७.०५

सकाळी सकाळी माझ्या विषयाचा धागा! लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

चिकित्सक यांचं बरोबर. १९९२ पासूनचा आपला रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणजे लोखंड आणि क्रोमियम. हा स्टीलचा प्रकार लोहचुंबकाला चिकटतो. हे लक्षात ठेवा, या धाग्यात पुढे कुणीतरी लोहचुंबक काढणारच, नाशिकचा धागा आहे.

गंमत म्हणजे नाशिकरोडला प्रेस असल्यामुळे बाहेरच्या लोकांना वाटतं आपल्याकडे सगळा पैसा तयार होतो. आपल्याकडे नोटा छापतात. नाणी पाडतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला. सालाच्या खाली बघा, चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. म्हणजे आपल्या गंगेत पडणारं प्रत्येक नाणं बाहेरगावचं.

पण आपल्या मातीत नाणी कमी नाहीत बरं का. सिन्नर तालुक्यात गोदाकाठीच जोगलटेंभी आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजार २५० च्या वर नाणी. सगळी क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाची आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला. लढाई जिंकली, शत्रूची नाणी वितळवत बसला नाही, त्याच्या तोंडावरच शिक्का मारला. नहपान हरला हे पोथीपेक्षा या नाण्यांनी जास्त ठामपणे सांगितलंय. अर्थात हा पुरून ठेवलेला साठा, नवसाचा नव्हे, त्यामुळे धाग्याशी संबंध ओढूनताणून आहे, पण नाशिकचं नाव आलं की मी हे सांगतोच, बायको वैतागलीये.

आवड असेल तर त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली, नाण्यांचं संग्रहालयही आहे. लेकीला तिथे न्या, तिथे नाणं टाकू नका फक्त.

——

परदेशी_पंचवटीकर | रविवार, दुपारी १.४०

कारंज्याचं फॅड कुठून आलं याचं उत्तर देतो, मी जाऊन आलोय.

रोममधलं त्रेव्ही कारंजं. १७६२ साली पूर्ण झालं, निकोला साल्वी नावाच्या माणसाने आराखडा केला पण पूर्ण व्हायच्या आधीच तो गेला. कारंजं म्हणजे आपल्या बागेतलं फुरफुर करणारं समजू नका, अख्ख्या राजवाड्याच्या भिंतीला लागून दगडी खडक, घोडे, मधे समुद्रदेव, त्यातून धो धो पाणी. पाणी ज्या जुन्या कालव्याचं आहे तो ख्रिस्तपूर्व १९ मध्ये बांधलेला. पाठ करून उभं राहायचं, उजव्या हातात नाणं घ्यायचं, डाव्या खांद्यावरून मागे टाकायचं. एक टाकलं की तुम्ही रोमला परत येता, दोन टाकली की प्रेम जमतं, तीन टाकली की लग्न. गाइड म्हणाला पूर्वी परत यायचं असेल तर तिथलं पाणी प्यायचे, नाण्याचं नंतर आलं.

आता खरी गोष्ट. आम्ही नवराबायको गर्दीत उभे, अर्धा तास धक्के खाल्ल्यावर कठड्यापाशी पोचलो. खिशात सगळ्यात लहान नाणं एक युरोचं. मी मनातल्या मनात नव्वदने गुणलं. तुम्ही हसाल, पण नाशिकहून जाऊन फार दिवस झाले नव्हते, प्रत्येक गोष्ट नव्वदने गुणायची सवय होती. पाकिटाच्या चोरकप्प्यात आपला एक रुपया होता, तो टाकला. बायकोने बघितलं. तिने निमूटपणे युरो टाकला.

पुढच्या दोन वर्षांत ती ऑफिसच्या कामाने परत रोमला जाऊन आली आणि मी सुट्टीत परत नाशिकरोडला उतरलो. हिशोब अगदी चोख झाला.

आणि हो, ते पैसे वाया जात नाहीत. कारंजं नियमित साफ करतात, माणसं आत उतरून लांब झाडूने नाणी एका रांगेत ओढतात आणि पाइपने खेचून घेतात, मग ते सगळं कारितास नावाच्या चर्चच्या संस्थेला जातं, त्यातून गरिबांना जेवण, निवारा. २०१६ साली अंदाजे १४ लाख युरो जमले होते. माझा रुपया कुठल्या हिशोबात धरला देव जाणे.

——

मिसळ_जास्त_तर्री | रविवार, दुपारी १.५२

तीन टाकली की लग्न? आणि लग्न झालेल्याने चुकून तीन टाकली तर?

——

परदेशी_पंचवटीकर | रविवार, दुपारी १.५८

बायको शेजारी बसून वाचतेय. नो कमेंट.

——

द्राक्षबाग_निफाड | रविवार, सायंकाळी ६.३०

शेतातून आत्ता आलो. आमच्याकडे नदीपेक्षा विहिरीचं जास्त. नवीन विहिरीला पाणी लागलं की आधी त्या पाण्याला हळदकुंकू, नारळ आणि सव्वा रुपया, मग माणसांनी प्यायचं. आमच्या आज्याने १९७२ च्या दुष्काळानंतर विहीर खोल केली तेव्हा त्याच्याकडे मजुराला द्यायला पैसे नव्हते पण विहिरीला सव्वा रुपया टाकल्याशिवाय आज्जीने घागर बुडवू दिली नाही, असं वडील सांगतात.

आता सव्व्याची पंचाईत. चार आणे ३० जून २०११ पासून बंद झाले, मग सव्वा रुपया करायचा कसा? मागच्या वर्षी बोअर मारलं, पाणी लागलं, भटजी म्हणाले सव्वा रुपया, मी म्हटलं आणू कुठून, ते म्हणाले मग अकरा द्या. सरकारने चार आणे बंद केले आणि देवाचा रेट नऊपट झाला.

रेल्वेचं पण सांगतो. नाशिकरोडहून मनमाडकडे येताना गोदावरीचा पूल लागला की डब्यातल्या बायका हमखास खिडकीतून नाणं टाकतात. आई एकदा टाकत होती, खिडकीची गजाळी आडवी आली आणि नाणं उलटं येऊन समोरच्या माणसाच्या चहात पडलं. त्या भल्या माणसाने चहा पिऊन नाणं परत दिलं. तोवर पूल गेला होता, आईने ते नाणं निफाडपर्यंत मुठीत धरून ठेवलं आणि घरी येऊन विहिरीत टाकलं. गंगेचं गंगेला नाही तर विहिरीला, पण स्वतःकडे ठेवायचं नाही.

——

आजीबाई_बटवा | रविवार, रात्री ८.१०

माझं वय ७४, नातवाने टाईप करायला शिकवलं आहे, चुका पोटात घाला.

मुली, तुझी आई मागत नसणार. आमच्यावेळी नदीत नाणं टाकताना मागायची पद्धत नव्हती. मागायचं असेल तर नवस बोलायचा. नवसाला आधी काही द्यायचं नसतं, काम झालं की फेडायचं. मी स्वतः धाकट्याच्या वेळेला सप्तशृंगीला नवस बोलले होते आणि तो चालायला लागल्यावर गडावर जाऊन फेडला, तेव्हा पायऱ्या चढून जावं लागायचं, ट्रॉली नव्हती.

हे कारंज्याचं म्हणजे आधी पैसे आणि मग काम, झालं तर झालं. आमच्या वेळी असा व्यवहार कुणी केला नसता. देव झाला म्हणून काय झालं.

——

चिकित्सक | रविवार, रात्री ८.४४

आजी, एका वाक्यात अर्थशास्त्र सांगितलंत. नवस म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी.

युरोपात मात्र आगाऊ द्यायची सवय फार जुनी दिसते. इंग्लंडमध्ये बाथ नावाच्या गावी गरम पाण्याचा झरा आहे, रोमन लोक तिथल्या देवीला नाणी टाकायचे, उत्खननात १२ हजारांवर नाणी निघाली. पण मला त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे नाण्यांबरोबर शिशाचे पातळ पत्रे निघाले, शंभराच्या वर. त्यावर लिहिलंय काय, तर तक्रारी! माझा थंडीचा अंगरखा चोरला, चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की मोकळा, त्याला झोप लागू देऊ नकोस, अशा छापाच्या. लोक आंघोळीला गेले की मागे कपडे चोरीला जायचे आणि पोलीस नव्हते, म्हणून एफआयआर थेट देवीकडे.

रामकुंडावर चप्पल चोरीला गेलेल्या माणसाचा चेहरा आठवा. दोन हजार वर्षांत काही बदललेलं नाही.

——

मिसळ_जास्त_तर्री | रविवार, रात्री ८.५०

माझे नवीन बूट गेलेत तिथून, गेल्या श्रावणात. शिशाचा पत्रा भांडीबाजारात मिळेल का?

——

रामघाट | रविवार, रात्री ११.३५

इतके वर्षं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. नाणेवेडा साहेबांनी लोहचुंबक म्हटलं ना, तो मी.

आमचं घर गंगेच्या अगदी काठाला, मोठा पूर आला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघून आई सामान माळ्यावर टाकायची एवढ्या काठाला. साधारण १९९८ ते २००३, मी तिसरी ते आठवी. शाळा सुटली की दप्तर फेकायचं आणि खाली पळायचं. लोहचुंबक विकत घ्यायचं नाही, जुन्या स्पीकरमधलं गोल काढायचं. त्याला मधे भोक असतं म्हणून दोरी ओवायला सोपं. नायलॉनची दोरी, सुतळी कुजते. ते पाण्यात सोडायचं आणि तळावरून हळूहळू ओढत आणायचं, पटकन ओढलं की नाणं सुटतं. पाण्यात काही दिसत नाही, पण चिकटलं की हाताला कळतं, बारीकसा ठक्क लागतो. अजून आठवतो तो ठक्क.

आता यातली मेख अशी की सगळी नाणी चिकटायची नाहीत. रुपया चिकटायचा, आठ आणे चिकटायचे, गेंड्याचे चार आणे चिकटायचे. पण तेव्हाचं दोनाचं कोनाकोनाचं नाणं आणि पाचाचं जाड नाणं चिकटत नव्हतं, का ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही समजायचो मोठी नाणी देवाला आवडतात म्हणून तो सोडत नाही. त्यामुळे दोन-पाच काढायचं काम मोठ्या पोरांचं, ते बुड्या मारायचे, तळाची वाळू ओंजळीत घेऊन वर यायचे आणि घमेल्यात चाळायचे. सराफ बाजारात झारेकरी गटारातली माती चाळतात ना सोन्यासाठी, तसंच. जागा ठरलेल्या होत्या. कुणाच्या जागेत दोरी टाकली की मारामारी.

सोमवार, अमावास्या चांगली. पितृपक्ष म्हणजे दिवाळी. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लोक अस्थी घेऊन यायचे, रडत असायचे, आणि आम्ही पायरीवर दोरी घेऊन त्यांचं कधी आटोपतंय बघत बसायचो. दहा वर्षांच्या पोराला दुसऱ्याचं मरण कळत नाही हो, रुपया कळतो. एकदा एका काकांनी पाण्यात नाणं टाकलं आणि मी लगेच त्यांच्यासमोर दोरी सोडली. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. तो ठक्क मला नको वाटला, पण रुपया घेतला.

चांगल्या दिवशी वीस-पंचवीस रुपये व्हायचे. वडापाव तेव्हा दोनतीन रुपयांना होता, तुम्हीच हिशोब करा.

आणि आता मुद्दा. आई रोज संध्याकाळी दिवा सोडायला खाली यायची आणि एक रुपया टाकायची, आमच्या परिस्थितीत रोज रुपया म्हणजे कमी नाही. ती वर गेली की मी त्याच पायरीवर दोरी सोडायचो. तिचा रुपया मला बरोबर सापडायचा कारण ती टाकते कुठे ते मला माहीत होतं. म्हणजे घरातला रुपया फिरून घरातच. दोन-तीन वर्षं असं चाललं.

नोकरी लागल्यावर एकदा जेवताना सांगून टाकलं. मला वाटलं रडेल किंवा ताट सरकवेल. ती भात कालवत म्हणाली, "तरीच तू कधी खाऊला पैसे मागायचा नाहीस." बस, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी परत रुपया घेऊन गंगेवर.

——

गंगेवरची | सोमवार, सकाळी ८.२०

रामघाट, मी काल रात्री हे दोनदा वाचलं. तुम्ही लिहिताय ती पायरी बहुतेक मला माहितीये. आम्ही पण त्याच वर्षांत तिथे यायचो. म्हणजे माझ्या आईचा रुपया पण...

——

रामघाट | सोमवार, सकाळी ८.३१

शक्यता आहे ताई. वडापावमध्ये गेला असेल. सॉरी.

——

गंगेवरची | सोमवार, सकाळी ८.३३

सॉरी काय त्यात. तिला आवडलं असतं. ती पोरांना ओरडायची ते पाण्यात खोल जाता म्हणून, पैशासाठी नाही.

——

नाणेवेडा | सोमवार, सकाळी ९.१५

रामघाट साहेब, पंचवीस वर्षांनी उत्तर घ्या. तुमच्या काळातलं दोनाचं अकरा कोनांचं आणि पाचाचं जाड नाणं तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं होतं. त्यात निकेल असूनही तांबं जास्त असल्याने चुंबकाला चिकटत नाही. नंतर दोनाचंही स्टीलचं झालं. देवाची आवडनिवड नव्हती ती.

आणि तुमचा धंदा जागतिक आहे. त्या त्रेव्ही कारंज्यात एक माणूस कित्येक वर्षं पहाटे चुंबकाची काठी घेऊन नाणी काढत होता, २००२ मध्ये पकडला. तुमच्याकडे निदान जागांची वाटणी होती, तो एकटाच सगळं खात होता.

——

पक्षीमित्र_नांदूर | सोमवार, दुपारी १२.०५

सगळे भावुक झालात म्हणून जरा पाणी ओततो. थायलंडमध्ये एका हिरव्या समुद्री कासवाच्या पोटातून २०१७ मध्ये ९१५ नाणी काढली, ऑपरेशन करून, वजन ५ किलो. ते ज्या टाक्यात होतं तिथे लोक नाणी टाकायचे, कारण कासव दीर्घायुषी म्हणून आपल्यालाही आयुष्य मिळेल असा समज. कासवाला आपण खातोय ते खाद्य वाटलं. वजनाने पोटाखालचं कवच चिरलं होतं. काही दिवसांत मेलं. नाव ठेवलं होतं ओमसिन, म्हणजे पैसे साठवायचा डबा.

दीर्घायुष्य मागायचं आणि ज्याच्याकडे मागतो त्यालाच मारायचं. मॉलच्या कारंज्यात टाका, मोटर जाम झाली तर होऊ द्या, जिथे जीव आहेत तिथे टाकू नका एवढंच.

——

चिकित्सक | सोमवार, दुपारी १२.४०

त्याच वर्षी शांघायला ८० वर्षांच्या आजींनी विमानात चढताना सुखरूप प्रवासासाठी इंजिनच्या दिशेने नऊ नाणी फेकली, एक आत गेलं. सगळे प्रवासी उतरवले, पाच तास उशीर. प्रवास सुखरूपच झाला म्हणा.

——

आजीबाई_बटवा | सोमवार, दुपारी ३.००

त्या बाईला घरच्यांनी एकटं सोडलंच कसं.

कासवाचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे कासव देवळात दगडाचं असतं ते बरं आहे.

——

परदेशी_पंचवटीकर | सोमवार, संध्याकाळी ७.२५

आजी, तुमचं नवस आणि नाण्याचं वाचल्यापासून एक डोक्यात आहे. पांडवलेणीत नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३ हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, पण हातात नाही दिले. गोवर्धनच्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या, विणकरांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे संघाकडे) २ हजार ठेवले महिना एक टक्क्याने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १ हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल हलवायचं नाही, व्याजातून भिक्षूंचे कपडे आणि किरकोळ खर्च. आणि हे सगळं दगडात कोरून ठेवलं, पावती म्हणून.

म्हणजे नाशिककराला दोन हजार वर्षांपूर्वीपासून पैसे पाण्यात टाकण्यापेक्षा एफडी जास्त आवडते.

——

द्राक्षबाग_निफाड | सोमवार, रात्री ८.००

महिना एक टक्का बारा झाले वर्षाचे. आता कोण देतं सांगा, द्राक्षाचे पैसे तिथेच ठेवतो.

——

मिसळ_जास्त_तर्री | सोमवार, रात्री ८.०६

एवढं व्याज कुणी सांगितलं की समजायचं पैसे पाण्यात गेले.

——

गंगेवरची | पुढचा रविवार, रात्री ९.३०

धागा मेला होता, पण सांगायचं राहिलं म्हणून वर काढतेय.

आज सकाळी लेकीला घेऊन गंगेवर गेले. तिला सांगितलं की तुझी आज्जी इथे यायची. सुट्टे नव्हतेच, पायरीवरच्या फुलवाल्या मावशींकडून वीस रुपयांचा द्रोण घेतला आणि म्हटलं मावशी एक रुपया सुट्टा द्या, त्या म्हणाल्या रुपया कशाला गं लागतो, म्हटलं गंगेला, तर त्यांनी गल्ल्यातून काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणजे तो रुपया आमचा पण नव्हता.

लेकीने विचारलं, मागायचं का? म्हटलं तुझी मर्जी. तिने बराच वेळ डोळे मिटून ठेवले. मी तिला वाकवून नाणं पाण्याला टेकवून सोडायला लावलं, हात पाण्यात गेला तशी ओरडली, गार आहे गार आहे.

वीस पावलांवर दोन पोरं बसली होती, हातात दोरी. स्पीकरचंच गोल, अजूनही तेच, रामघाट! लेक बघत राहिली. मी घाबरले की आता परत विचारणार कॅन्सल झाली का. पण ती थेट त्या पोरांजवळ गेली आणि विचारलं मी एकदा करू का. त्यांनी दिली दोरी. तीन वेळा काही नाही, चौथ्या वेळेला दोन रुपये. तो ठक्क तिलाही लागला असणार, कारण घरी येईपर्यंत तेच सांगत होती.

नाणं त्या पोरांनाच दिलं, त्यांची जागा होती.

——

रामघाट | पुढचा रविवार, रात्री ९.४१

चौथ्या वेळेला म्हणजे चांगला हात आहे पोरीचा. दोरी घट्ट नाही धरायची, बोटावर ठेवायची, सांगा तिला.

——

सिडकोची_मावशी | पुढचा रविवार, रात्री १०.०२

गाडी कुठे लावलीस गं? आम्हाला पण जायचंय, मागच्या वेळी टोइंगवाल्यांनी उचलून नेली होती.